ठरलेली कथा बदलणारा भवभूती

गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे मूळ गाव, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. आठव्या शतकातील या संस्कृत नाटककाराचे वडील नीलकंठ, आई जातुकर्णी आणि गुरू ज्ञाननिधी. वेदविद्येची परंपरा असलेल्या घराण्यातला हा पंडित नटांच्या मैत्रीत रमला. त्याची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत रंगली. पुढे तो कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयास होता, असे कल्हणाची 'राजतरंगिणी' सांगते.

कथा आधीच ठरलेली असताना पात्रांच्या हाती काय उरते, हा प्रश्न त्याच्या नाटकांत वारंवार येतो. 'महावीरचरिता'त रामाचा वनवास हा रावणाचा मंत्री माल्यवान याचा डाव ठरतो. 'मालतीमाधवा'त प्रेमिकांची सूत्रे कामंदकी हलवते. पण अघोरघंट मालतीचा बळी देऊ पाहतो, तेव्हा माधवालाच धावून जावे लागते.

'उत्तररामचरिता'त तर त्याने रामायणाचाच शेवट बदलला. तिथे सीता धरणीच्या पोटात जाते. इथे वाल्मीकींचे नाटक पाहणारा राम भान हरपून मूर्च्छित होतो आणि खरी सीता त्याला सावध करते. प्रजाही तिचा स्वीकार करते.

१९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या भूमिका-खेळांत हाच वाद असतो. संचालकाने खेळाडूंना ठरल्या रुळांवरून न्यावे, की त्यांच्या निर्णयाने कथा वळू द्यावी?

समकालीनांच्या उपेक्षेची खंत भवभूतीने नाटकातच व्यक्त केली. आपला रसिक पुढे कधीतरी जन्मेल, हा त्याचा विश्वास मात्र काळाने खरा ठरवला.