डोस ज्याचा त्याचा

मैत्रिणींनो, इन्सुलिन सुरू झालं की आपल्यात पहिला प्रश्न ठरलेला, तुझे किती युनिट? जास्त युनिट म्हणजे मोठा आजार, असा आपला हिशेब! अशा वेळी मला डॉ. रॉबिन लॉरेन्स आठवतात.

जन्म १८९२, स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनचा. १९२० साली, सत्ताविसाव्या वर्षीच मधुमेह निघाला. तेव्हा औषधच नव्हतं. आपलं मरण घरच्यांना बघावं लागू नये, म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. १९२३ मध्ये इन्सुलिन मिळाल्याचं लंडनच्या एका सहकाऱ्याने कळवलं. अगदी खंगलेल्या अवस्थेत त्यांनी कसंबसं लंडन गाठलं आणि ते वाचले.

पण किती जेवणाला किती इन्सुलिन? हा मेळ त्यांनी स्वतःवरच घालून पाहिला. खाणं मोजलं, साखर तपासली. व्यायाम केला की तेवढ्याच इन्सुलिनचा परिणाम वाढतो, हे त्यांनी १९२६ साली मांडलं. रुग्णांनाही हा हिशेब शिकवला. इन्सुलिनवर ते पंचेचाळीस वर्षं जगले. १९६८ साली गेले.

म्हणून मी म्हणते, जेवण, कामाचे कष्ट, उपवास, साखर, सगळं वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा, आणि डोस त्यांना विचारूनच बदला. युनिटचा आकडा म्हणजे काही परीक्षेचे मार्क नव्हेत!