रुग्णसेवेला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे

'उंच माझा झोका' या मालिकेमुळे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडून अक्षरे शिकणारी छोटी रमा आपल्या घराघरांत पोहोचली. परंतु रमाबाईंच्या आयुष्याच्या उत्तरार्धाविषयी आपण फारसे बोलत नाही. रुग्णाची शुश्रूषा ही शिकून करायची विद्या आहे आणि चांगल्या घरातील स्त्रीनेही ती मानाने करावी, हे त्यांनी आपल्या समाजाला पटवून दिले. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्या कार्याचे स्मरण करीत आहोत.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरात झाला. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे नाव यमुना. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या विधुर रानड्यांशी त्यांचा विवाह झाला. सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. रानड्यांनी आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, सगळे काही रमाबाईंनी सोसले. उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. हाच चिवटपणा पुढे त्यांच्या कामी आला.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. रमाबाई तेव्हा अवघ्या अडतीस वर्षांच्या होत्या. काही काळ त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. त्यानंतर मात्र त्या जेथे दुःख आहे तेथे जाऊ लागल्या. तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटत, इस्पितळातील रुग्णांसाठी फळे, फुले, पुस्तके घेऊन जात.

नुसत्या दयेने भागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. आरंभीचे वर्ग रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यातच भरत. लिहिणे-वाचणे, शिवणकाम, प्रथमोपचार असे विषय शिकवले जात. पुढे ससून रुग्णालयात परिचारिका आणि सुईणींच्या शिक्षणासाठी बायका पाठवण्यास सुरुवात झाली आणि त्यांच्या राहण्याची सोयही सेवासदनाने केली.

आज हे सोपे वाटते, तेव्हा ते नव्हते. परिचारिकेने कोणत्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श करायचा, मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, परक्या पुरुषांमध्ये वावरायचे! सोवळे पाळणाऱ्या घरांना हे हलके काम वाटे. दुसरीकडे त्याच घरांत बालविधवा माजघराच्या अंधारात, दुसऱ्याच्या अन्नावर आयुष्य कंठीत होत्या. बाळंतपणात बायका दगावत होत्या. रमाबाईंनी या दोन दुःखांची सांगड घातली. जिला घरात कोणी विचारीत नव्हते, तिच्या हाती विद्या आणि मिळकत आली. जिच्याकडे कोणी जाणते माणूस नव्हते, तिच्या उशाशी जाणती बाई आली.

लोकांच्या नजरा मात्र लवकर बदलल्या नाहीत. सेवासदनाच्या एका समारंभात केशवपन झालेली, आलवण नेसलेली विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा जमलेल्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाईंना ते सहन झाले नाही. समारोपाच्या भाषणात त्यांनी त्या शिकलेल्या तरुणांना चांगलेच खडसावले.

अखेरच्या वर्षांतही आषाढी-कार्तिकीला त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांसह आळंदीला जात आणि वारकरी स्त्रियांची सेवा करीत. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ या जन्मशताब्दी वर्षात भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता थोडे आपल्याविषयी. आपण मंडळी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहतो. मुले नोकरीसाठी आणखी दूर गेली आहेत. घरी आजी-आजोबा एकटे आहेत आणि त्यांच्यासाठी शिकलेली, मायेची परिचारिका मिळावी म्हणून आपण दहा ठिकाणी विचारतो. पण आपलीच मुलगी किंवा मुलगा बारावीनंतर नर्सिंगला किंवा रुग्णसेवेच्या अभ्यासक्रमाला जातो म्हणाला, की घरात कुजबुज सुरू होते. डॉक्टर होणार नाही का, स्थळे कशी येतील, असे प्रश्न निघतात. हुर्यो आता व्यासपीठासमोर होत नाही, दिवाणखान्यात होते, एवढाच फरक.

आम्हांला वाटते, गणेशोत्सवात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तेव्हा अभियंते आणि डॉक्टर होणाऱ्यांच्या ओळीत रुग्णसेवा शिकणारी मुलेमुलीही बसलेली असावीत. त्यांचे नाव पुकारले जाईल तेव्हा टाळ्यांचा आवाज कमी पडू नये. रमाबाईंचे ऋण फेडण्याची ती एक साधी सुरुवात ठरेल.