पक्ष वळवणारे केशवराव

सातारा-सोलापूरकडून एस.टी.ने पुण्यात येणाऱ्या माणसाला स्वारगेटचा चौक चुकत नाही. त्या चौकाला केशवराव जेधे यांचे नाव आहे. आता डोक्यावरच्या उड्डाणपुलालाही आहे. पण हे गृहस्थ कोण, असे तिथल्या दहा जणांना विचारले तर बहुतेक जण जुने देशभक्त एवढेच सांगून मोकळे होतील. एखादा जाणकार निघालाच, तर केशवरावांनी पक्ष फार बदलले, अशी पुस्ती जोडेल. ते खोटे नाही. ब्राह्मणेतर पक्ष, काँग्रेस, शेतकरी कामगार पक्ष आणि पुन्हा काँग्रेस असा तो प्रवास आहे. पक्षांतर हा शब्द आज आपण ज्या चवीने उच्चारतो, ती चव जिभेवर ठेवून पाहिले तर हा हिशेब शोभेचा दिसत नाही. मला मात्र त्यांचे चरित्र वाचताना दरवेळी दुसरीच गोष्ट जाणवली. ज्या ज्या पक्षात ते गेले, त्या त्या पक्षाची दिशा थोडीफार तरी बदलली. त्यांनी ती एकट्याने बदलली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या प्रत्येक वळणावर ते उभे होते.

केशवरावांचा जन्म १८९६चा, पुण्याचा. घराणे शिवकाळातल्या कान्होजी जेध्यांशी नाते सांगणारे, आणि पुण्यात पितळी भांड्यांच्या धंद्यात स्थिरावलेले. धंदा मुख्यतः थोरल्या बंधूंनी पाहिला, त्यामुळे केशवरावांना सार्वजनिक कामाला मोकळीक मिळाली. शुक्रवार पेठेतले त्यांचे जेधे मॅन्शन हे ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातले ठाणे होते. राजर्षी शाहू महाराज १९२२ साली गेले, पण त्यांनी पेटवलेली धग पुण्यात या वाड्यात शिल्लक राहिली. दिनकरराव जवळकरांसारखा तिखट लेखणीचा जोडीदार मिळाला. दोघांनी छत्रपती मेळा काढला आणि गणेशोत्सवात पुण्याच्या पेठा दणाणून सोडल्या. १९२५ साली केशवरावांनी नगरपालिकेत महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडला. तो नामंजूर झाला. त्याच साली जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. टिळक-चिपळूणकरांवर त्यात इतकी जहाल टीका होती की प्रकरण कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात आरोपींची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि १९२६ साली सारे सुटले. ही एक घटना वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

आता हा ब्राह्मणेतर पक्ष राजकारणात कुठे होता? माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात राखीव जागा दिल्या होत्या, आणि भास्करराव जाधवांसारखे विद्वान पुढारी सरकारात मंत्री होते. काँग्रेस म्हणजे शहरातल्या उच्चवर्णीय वकिलांचा पक्ष. त्यांच्या हाती स्वराज्य गेले तर पेशवाई परत येईल, त्यापेक्षा इंग्रज बरा, हा तिथला विचार होता. आज तो आपल्याला खटकतो. पण ज्याला शाळेत, कचेरीत, देवळात एकाच जातीचा माणूस दारावर बसलेला दिसत होता, त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर तो अगदीच अनाकलनीय वाटत नाही.

तरीही दहा वर्षांत ही भूमिका ढासळली. चरित्रकार याचे श्रेय गांधीजींच्या प्रभावाला देतात आणि ते योग्यच आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांसारख्यांचा आग्रहही होता. मी मात्र आयुष्यभर बँकेत पीककर्जाच्या फायली चाळल्या असल्याने माझी नजर आधी भावाकडे जाते. १९२९नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे आणि कापसाचे भाव कोसळले. शेतसारा मात्र तेवढाच राहिला आणि सावकाराचे व्याजही. ज्या सरकारशी जुळवून घेतल्याने आपल्या माणसांचे भले होईल असे पक्षाने सांगितले होते, तेच सरकार त्या माणसांच्या दारात जप्ती घेऊन उभे होते. अशा वेळी कुठल्याही पक्षाच्या ठरावातली भाषा फार दिवस टिकत नाही.

१९३० साली केशवराव कायदेभंगात उतरले आणि तुरुंगात गेले. ज्या टिळकभक्तांशी काल हातघाई होती, त्यांच्याच काकासाहेब गाडगीळांबरोबर त्यांची जोडी जमली आणि जेधे-गाडगीळ हे जोडनाव महाराष्ट्रात रूढ झाले. केशवरावांच्या मागोमाग खेड्यापाड्यांतला बहुजन समाज काँग्रेसमध्ये आला. १९३६च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. एका दशकापूर्वी ज्या पक्षाला महाराष्ट्राचे खेडे परके होते, तो आता शेतकऱ्यांच्या ठरावांची भाषा बोलू लागला. पुढे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही केशवरावांकडे आले. यशवंतराव चव्हाणांच्या पिढीला काँग्रेस आपली वाटली, त्याचा पाया या काळात घातला गेला.

या सौद्यात काय गमावले, हेही सांगितले पाहिजे. काँग्रेसमध्ये शिरताना सत्यशोधकांचा मूळ प्रश्न, जातीचा आणि पुरोहितशाहीचा, हळूहळू मागे पडला. तो सोडवला गेला नाही, नुसता बाजूला ठेवला गेला. कोर्टात ज्यांनी केशवरावांची बाजू लढवली ते बाबासाहेब या नव्या घरात आले नाहीत. त्यांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत तो काँग्रेसच्या विरोधात उभा राहिला. फुल्यांच्या वारशाचे दोन प्रवाह तिथे फुटले. मला त्या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत जास्त डाचते. सत्तेजवळ जाताना मराठा-कुणबी शेतकरी आणि दलित यांची वाट एक राहिली असती, तर पुढचा महाराष्ट्र कसा झाला असता? कादंबरीकाराला असे प्रश्न पडतात, इतिहासकार ते टाळतात.

घटना समितीचे सभासद असतानाच्या काळातच केशवरावांचे काँग्रेसशी बिनसले. शेतकऱ्याच्या जोरावर पक्ष वाढला, पण सत्ता आल्यावर धोरण भांडवलदारांच्या कलाने चालले, ही तक्रार होती. शंकरराव मोरे, नाना पाटील, दत्ता देशमुख अशी एकाहून एक दणकट माणसे बरोबर होती. आधी काँग्रेसमध्येच गट झाला आणि १९४८च्या सुमारास शेतकरी कामगार पक्ष वेगळा उभा राहिला. यशवंतराव मात्र काँग्रेसमध्येच थांबले.

१९५० साली मालेगावजवळच्या दाभाडीला शेकापने आपला प्रसिद्ध प्रबंध मंजूर केला आणि मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. नोकरीत असताना वसुलीच्या निमित्ताने मी त्या गावाला अनेकदा गेलो. पक्षाचा इतिहास माहीत असल्यामुळे दरवेळी मनात यायचे, की इथल्या बागायतदाराने, ज्याच्या नावावर विहीर आहे आणि सोसायटीत शेअर आहे, त्याने तो प्रबंध ऐकताना नेमके काय समजून घेतले असेल? जमिनीवर जीव असलेल्या माणसाला वर्गलढ्याची परिभाषा दिली, पण त्याच्या मनातला वर्ग कुठला, हे पाहायचे राहून गेले. पक्षाचा कागद पुढे गेला आणि माणसे जिथल्या तिथे राहिली. मतभेद वाढले, फाटे फुटले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबई राज्यात प्रचंड बहुमत मिळवले. १९५४ साली केशवराव काँग्रेसमध्ये परतले; मोरेही पुढे त्याच वाटेने आले. उरलेल्या शेकापने लाल बावटा खाली ठेवला नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख त्याच बावट्याखाली अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले.

परतल्यावरही केशवराव स्वस्थ बसले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटला, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याची भाषा सुरू झाली आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात त्यांच्याच अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. एके काळी टिळकांवरच्या पुस्तकापायी खटला सोसलेला हा माणूस, आणि त्याच्याभोवती कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन अशी सारी मंडळी. सबंध आयुष्यातली भांडणे त्या एका सभेत शेजारी येऊन बसली असावीत, असे मला वाटते.

१२ नोव्हेंबर १९५९ रोजी केशवराव गेले. महाराष्ट्र राज्य यायला सहा महिनेही उरले नव्हते. त्या वेळी ते बारामतीचे खासदार होते. रिकाम्या जागेसाठी १९६० साली पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव यांना उभे केले. शेकापचे उमेदवार होते काटेवाडीचे वसंतराव पवार. त्यांच्या आई शारदाबाई शेकापच्या निष्ठावंत कार्यकर्त्या. घरातला धाकटा मुलगा मात्र सख्ख्या भावाच्या विरोधात काँग्रेसच्या प्रचाराला बाहेर पडला. त्या मुलाचे नाव शरद. गुलाबराव निवडून आले.