कुंडीतला वाटाणा आणि दादासाहेब फाळके

शाळेत असताना कुंडीत वाटाणा रुजवून पाहिला नाही, असा माजी विद्यार्थी विरळाच. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये तेच केले. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या ध्येयवेड्या गृहस्थाची दृष्टी चित्रपटाच्या ध्यासात काही काळ गेली होती. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. परंतु भांडवल द्यायला कोणी धजेना. तेव्हा दररोज थोडी थोडी चित्रे टिपून कित्येक दिवसांची वाढ त्यांनी पडद्यावर जेमतेम मिनिटभरात दाखविली. रोप डोळ्यांदेखत वर आले, आणि भांडवलही उभे राहिले. तरी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पुरा होण्यास सरस्वतीबाईंचे दागिने खर्ची पडलेच! पुढे आगकाड्या चित्रागणिक किंचित सरकवून त्यांनी त्याही पडद्यावर खेळविल्या. संगणकावरचे आजचे चलच्चित्र मुळात हीच युक्ती वापरते. दादासाहेब १९४४ मध्ये नाशिक येथे निवर्तले.