ए. फिलिप रँडॉल्फ : काळ्या कामगारांचा पुढारी



बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हा जवळच्याच हार्लेममध्ये फ्लोरिडातल्या एका शिंपीकाम करणाऱ्या धर्मोपदेशकाचा मुलगा दोन वर्षांपासून राहत होता. ए. फिलिप रँडॉल्फ, जन्म १५ एप्रिल १८८९.

पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांत गोऱ्या प्रवाशांचे बिछाने घालणाऱ्या काळ्या पोर्टरांना सरसकट जॉर्ज म्हणत. कंपनीच्या संस्थापकाचे ते नाव! माणसाचे स्वतःचे नावच पुसून टाकायचे, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. १९२५ साली रँडॉल्फ या पोर्टरांच्या युनियनचे पुढारी झाले. कंपनीशी करार व्हायला १२ वर्षे लागली.

१९४१ साली युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना चांगली कामे मिळत नव्हती. रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा जाहीर केला. मोर्चाला आठवडा उरला असताना, २५ जूनला, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्ध-उद्योगांत वर्णभेदाला बंदी करणारा हुकूम काढला आणि देखरेखीला समिती नेमली. मोर्चा मागे घेतला गेला.

आता फिलाडेल्फिया पाहा. तिथल्या ट्राम कंपनीत काळ्यांना झाडलोट, दुरुस्ती अशीच कामे. गाडी चालवायची ती गोऱ्यांनी. याच समितीच्या आदेशामुळे आठ काळ्या कामगारांचे ट्राम चालवण्याचे प्रशिक्षण सुरू होताच १ ऑगस्ट १९४४ रोजी गोऱ्या कामगारांनी आजारपणाची सबब सांगून काम बंद केले. पगारवाढीसाठी नव्हे, त्या आठजणांना रोखण्यासाठी! त्यांच्या युनियनचाही या संपाला पाठिंबा नव्हता. युद्धसामग्रीचे शहर ठप्प झाले. ३ ऑगस्टला रूझवेल्ट यांनी लष्कराला कंपनी ताब्यात घ्यायला सांगितले. सुमारे ५,००० सैनिक उतरले. कामावर न येणाऱ्यांची नोकरी जाईल आणि सैन्यभरतीतली सूटही जाईल, अशी तंबी मिळाली. काही दिवसांतच संप मोडला आणि काळे कामगार पुढे ट्राम चालवू लागले. गंमत अशी की, ज्या कायद्याने सरकारने हे केले तो १९४३ चा कायदा संपकऱ्यांना वेसण घालण्यासाठीच झाला होता.

मुंबईच्या गिरण्या आठवा. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता आणि तो पाळणारे सोबतचे कामगारच होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा पुढाऱ्यांनी नाखुशीनेच तो मागण्यांत घेतला.

अमेरिकेतली ती समिती १९४६ साली संपली. रँडॉल्फ थांबले नाहीत. १९४८ साली सैन्यातल्या वर्णभेदाविरुद्ध लढले. आणि १९४१ चा राहिलेला मोर्चा त्यांनी १९६३ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, वॉशिंग्टनला नेलाच. १६ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.