निक्सन आणि भावनियंत्रण

रिचर्ड निक्सन (१९१३–१९९४) म्हटले की वॉटरगेट आठवते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यांचे दुसरेच स्खलन अधिक बोचते. कॅलिफोर्नियातील किराणा दुकानदाराचा हा मुलगा १९४२ मध्ये सरकारच्या भावनियंत्रण खात्यात टायरच्या रेशनिंगचे काम करीत होता. नियंत्रणांविषयीची त्यांची नावड तेथेच रुजली. १९६० मधील पराभवाचे खापर त्यांनी मंदीवर फोडले आणि बेकारीची कायमची धास्ती घेतली. म्हणूनच की काय, निवडणूक वर्षावर आली असता, १५ ऑगस्ट १९७१ रोजी त्यांनीच वेतने व किमती ९० दिवस गोठविल्या. डॉलरच्या बदल्यात परकीय सरकारांना सोने देणेही थांबविले. १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. एप्रिल १९७४ मध्ये नियंत्रणे संपली आणि दाबलेली महागाई (तेलसंकटाची तीत भर पडली, हे खरे) वर्षअखेर १२ टक्क्यांपलीकडे गेली. तोवर, ऑगस्टमध्येच, निक्सन राजीनामा देऊन कॅलिफोर्नियाला परतले होते.