होमी भाभा : विद्यापीठाबाहेरचे विद्यापीठ



बोईसर स्थानकातून पश्चिमेस समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याने आपल्यापैकी काहीजण रोज कामावर जात असतील. तिकडे किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. हे केंद्र ज्यांच्या आग्रहाने उभे राहिले, ते डॉ. होमी जहांगीर भाभा आपणास अणुशास्त्रज्ञ म्हणून परिचित आहेतच. येथे मात्र आपण संस्था उभारणारा माणूस म्हणून त्यांचा विचार करणार आहोत. संशोधन विद्यापीठात व्हावे की विद्यापीठाबाहेर, या अद्याप न मिटलेल्या वादाची एक बाजू त्यांनी आयुष्यभर आपल्या कृतीने मांडली.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, ही वडिलांची इच्छा. त्यानुसार केंब्रिजला त्यांनी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली आणि मग आपल्या आवडीच्या गणित व भौतिकशास्त्राकडे ते वळले. विश्वकिरणांवरील त्यांचे संशोधन लवकरच मान्यता पावले. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध सुरू झाले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्या सहवासात, त्यांनी काम सुरू केले. युद्ध झाले नसते तर ते कदाचित केंब्रिजलाच राहिले असते.

१९४४ च्या मार्चमध्ये भाभांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीला एक पत्र लिहिले. मूलभूत संशोधनाची स्वतंत्र संस्था आताच काढली, तर पुढे अणुशक्ती वापरात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, असा त्यातील युक्तिवाद होता. त्यातूनच १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. मुंबईत तिचा आरंभ पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्याच्या अर्ध्या भागात झाला. पुढे ती गेटवेजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या टोकावरील नव्या वास्तूचे उद्घाटन झाले.

या परिसराची रचना भाभांनी स्वतः बारकाईने पाहिली. समुद्राकाठची हिरवळ, मुळांसकट उचलून आणून लावलेले मोठे वृक्ष, भिंतींवर समकालीन चित्रकारांची चित्रे, हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र : प्रयोगशाळेला हे सारे कशासाठी, असा प्रश्न आपणासही पडेल. भाभा स्वतः चित्रे काढीत आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचे ते दर्दी होते. चांगली बुद्धी चांगल्या परिसरात फुलते, ही त्यांची धारणा होती. आधी माणूस शोधावा आणि त्याच्याभोवती विभाग उभारावा, हीच त्यांची नेमणुकीची रीत. पदे आधी आणि माणसे नंतर, या आपल्याकडील सरधोपट पद्धतीच्या ती अगदी उलट होती.

या पद्धतीला विरोधही झाला. कोलकात्याचे मेघनाद साहा यांनी आपली अणुकेंद्रीय भौतिकी संस्था विद्यापीठाच्या आश्रयानेच काढली होती. संशोधनाचा पाया विद्यापीठात हवा आणि अणुकार्यक्रमात एवढी गुप्तता नको, अशी त्यांची भूमिका होती व ती त्यांनी संसदेतही मांडली. साहांची भीती अनाठायी नव्हती. उत्तम संशोधक स्वतंत्र संस्थांत गेले, की पदवीच्या वर्गातील विद्यार्थी त्यांना मुकतो. उलट, परीक्षांच्या रहाटगाडग्यात अडकलेल्या तत्कालीन विद्यापीठांत भाभांना हवा तो वेग मिळाला असता, असेही म्हणवत नाही. भाभांनी त्यावर आपल्यापुरता एक मार्ग काढला. तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात त्यांनी १९५७ मध्ये प्रशिक्षण शाळा उघडली व विद्यापीठांतून निघालेल्या पदवीधरांना वर्षभर तेथे घडविले.

तारापूरला या कथेला एक वळण मिळते. पश्चिम किनारा कोळशाच्या खाणींपासून दूर. कोळसा वाहून आणणे महाग. थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी येथे हवे तेवढे. म्हणून तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील ही जागा निवडली गेली. परंतु पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून घेतल्या गेल्या. तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असे लिहिणाऱ्यानेच यंत्रासाठी मात्र तिकडे पाहिले! अणुवीज परवडते हे लवकर सिद्ध करणे त्यांना निकडीचे वाटत होते. ही घाई योग्य होती का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

तारापूरची वीज भाभांनी पाहिली नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जात असताना त्यांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. महाराष्ट्र आणि गुजरातला तारापूरची वीज १९६९ पासून मिळू लागली. कुलाब्याच्या संस्थेतील तरुण संशोधक मात्र पीएच.डी.साठी पुढेही अनेक वर्षे मुंबई विद्यापीठातच नाव नोंदवीत राहिले. संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो २००२ मध्ये.